दोडक्याच्या मांडवाचा पाइप

मंदाबाई — सांगू का भैय्यालालभाऊ, मी कवापासून हिशोब करून राहिली. आज नहराच्या पाण्याची पाळी आमची. हा चाकाचा बोल्ट निघला त ट्रॅक्टर धानाच्या बांधीत उतरते, आमचा रोवण्याचा चिखल होते. नाही निघला त दुपारी पाणी तुमच्या बांधीत वळते. म्हणजे तुमचा फायदा बोल्ट न निघण्यात. अन् सकाळपासून सल्ले कोण देऊन राहिलं? तुम्हीच!

भैय्यालाल — अरे बापरे, भाभी! मी त पडोसी म्हणून उभा आहो.

मंदाबाई — उभेच आहा. पान्याले हात कुठं लावला?

कृष्णराव — तू चूप राह्य व मंदा. सगळे निघले, हा एकच अडून बसला. टायर काढल्याबिगर चिखलाचं लोखंडी चाक चढत नाही, अन् उद्या बाया धानाचा रोवणा कराले येऊन राहिल्या.

भैय्यालाल — हथोडा मार ना, किस्नाभाऊ.

कृष्णराव — मारला.

भैय्यालाल — डिझेल टाक.

कृष्णराव — तेबी पाजलं. आता चहाच पाजाचा बाकी आहे त्याले.

मंदाबाई — त्याच्या वाट्याचा चहा भैय्यालालभाऊनं पेला. मागच्या साली बोल्ट कसताना म्हटलं होतं, बोटभर ग्रीस लावा जी. ‘ग्रीस काय झाडाले लागते का?’ म्हणे.

कृष्णराव — ग्रीसचं नोको सांगू. पाना आखूड पडते. दांडीवर लांब पाइप चढवला न, का दुरून दाबता येते. तेवढ्याच जोरात काम होते. मंदा... तुझ्या मांडवाचा पाइप...

मंदाबाई — नाही.

कृष्णराव — आयकून त घे.

मंदाबाई — आयकलं. दोडक्याचा वेल आहे त्याच्यावर. पाइप काढला का मांडव बसलाच समजा.

कृष्णराव — आंधळगावच्या बाजारातून थैलीभर दोडके आणून देतो.

मंदाबाई — ते तुम्ही खा. मले दुसरं पाह्यजे.

भैय्यालाल — मांगा भाभी, मौका आहे!

कृष्णराव — तू कोणाच्या बाजूनं आहे रे?

मंदाबाई — तलावाकडची लहान बांधी. त्याच्यात चिन्नोर रोवाचा.

कृष्णराव — झालं! पुन्हा चिन्नोर. जाड्या धानाच्या अर्धाबी होत नाही तो. जराशी हवा आली का आडवा.

मंदाबाई — विकाले नाही म्हणून राहिली मी, खाले. अंजू दिवाळीले येते त म्हणते, आई, तो वासाचा भात कर. मंग मले मोहाडीच्या दुकानातून किलोभर आणावा लागते. दुकानदार विचारते, का बाई, यंदा पिकलं नाही का? धानाच्या घरातली बाई तांदूळ मांगते, लाज नाही वाटत का मले?

कृष्णराव — ...बरं. समज, मी हो म्हटलं. पण पऱ्हे? उद्या रोवणा, अन् चिन्नोरची रोपं काय आभाळातून पडतीन?

मंदाबाई — न्हाणीमागं आहेत. रोज सकाळी दात घासून ज्याच्यावर चूळ टाकता, तेच.

कृष्णराव — ते त गवत आहे!

मंदाबाई — बियाणं माह्या माहेराचं, आंबागडचं. गवत तुम्ही म्हणता. मी कवा म्हटलं?

भैय्यालाल — किस्नाभाऊ, तुह्याच घरात तुह्या खिलाफ खेती होऊन राहिली!

कृष्णराव — हासू नोको. मंदा, आन तो पाइप.

मंदाबाई — बांधी?

कृष्णराव — दिली बाप्पा, दिली!

मंदाबाई — भैय्यालालभाऊ, गवाह तुम्ही. थांबा, पहिले दोडके तोडून घेऊ द्या... हा घ्या पाइप. अजी, मधात काहून धरता? शेवटाले धरा. जात्याचा खुंटा मधात असते का कुठं?

कृष्णराव — धरला शेवटाले. जरासा कुरकुरला, पण सुटत नाही. वजन कमी पडते.

मंदाबाई — वजन त उभंच आहे, दोन चहा पेऊन.

भैय्यालाल — मी?

कृष्णराव — ये, बस टोकावर. हळूच. झटका नोको देऊ, नाही त पाना सटकन.

भैय्यालाल — बसलो. भाभी, तुम्ही तिकडं पाहा, धोतर... अरे, अरे, अरे!

(‘कट्’ असा आवाज. बोल्ट सुटतो. भैय्यालाल आंगणातल्या चिखलात.)

कृष्णराव — सुटला! सुटला रे! लागलं का?

भैय्यालाल — इज्जतले लागलं. बाकी ठीक आहे.

मंदाबाई — उठा, हात द्या. पण एक सांगा भाऊ. आजचं पाणी हातातून गेलं तुमच्या. मंग बसले काहून?

भैय्यालाल — पाणी काय, उद्या भेटन. पण तुमच्या घरी चिन्नोर शिजला, त त्याचा वास काही कुडापाशी थांबते का, भाभी?

कृष्णराव — पाह्य! हाबी फायदा पाहूनच बसला. मले पाणी, तुले बांधी, याले वास. मंग नुकसान झालं कोणाचं?

मंदाबाई — दोडक्याचं. किती कवळे होते, पाहा... भाऊ, हातपाय धुवा. भाजी टाकून राहिली, जेवूनच जा.