काकांचं गंगाजळ

"दादाच्या गाडीला झालंय तरी काय?" असं मी त्या दिवशी सगळ्यांना विचारलं. उत्तर अजून मिळालेलं नाही. मतं मात्र भरपूर मिळाली.

दादाच्या अस्थी घेऊन आम्ही धारहून नर्मदेला निघालो होतो. दिवस मावळायच्या आत पोचायचं होतं. वाटेत इंजिनाच्या तापमानाची सुई लालवर गेली आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. जन्म पीथमपुरात गाड्या बनवण्यात गेलेले काका खाली उतरले आणि म्हणाले, "थर्मोस्टॅट!"

देवासचे भावजी म्हणाले, "नाही हो, गॅस्केट उडालंय. एवढी पळालेली गाडी, दुसरं काय असणार?"

मग देवासला फोन लागला. तिकडून चुलतभाऊ म्हणाला, "भिया, आवाजावरून तर पंप वाटतोय." गाडी तेव्हा बंद होती.

अस्थींचा कलश जमिनीवर ठेवत नाहीत, म्हणून तो मांडीवर घेऊन मी हे ऐकत बसलो होतो. शेवटी उठलो आणि कलश काकांच्या हातात दिला. "धरा. खाली ठेवायचा नाही." लगेच त्यांचं थर्मोस्टॅट-पुराण थांबलं.

इंजिन एव्हाना निवलं होतं. रेडिएटरचं झाकण उघडलं, तर आत ठणठणाट. मी डिकीतला काकांचा पाण्याचा कॅन काढला आणि सरळ ओतला.

"अरे, ते हरिद्वारचं गंगाजळ! तुझ्या दादासाठी आणलंय!"

"दादा गेला तेव्हा ते तुमच्या कपाटात होतं, काका. आता त्याच्या गाडीला तरी पिऊ द्या."

झाकण लावून मी गाडी सुरू केली. उन्हं कलताना घाटावर पोचलो. मी कमरेइतक्या पाण्यात उतरलो आणि दादाला सोडलं.