आलेखाचं शेपूट

(जळगाव, मे १९९६. मुलगी पाहायचा कार्यक्रम. मोठ्यांनी दोघांना बोलायला गच्चीवर पाठवलं आहे.)

सुनंदा : बसा ना. आल्यापासून नुसत्या येरझाऱ्या घालताय.

आधार : एक सांगायचंय. मी डॉक्टर नाही. मावशीनं तुमच्याकडे परस्पर सांगून टाकलं.

सुनंदा : प्रबंध लिहून झालाय म्हणे.

आधार : झालाय. माझे मार्गदर्शक सर म्हणतात, आलेखाचं शेपूट छाटा, लगेच सही करतो. मी छाटत नाही.

सुनंदा : कसलं शेपूट? मी जामनेरला नववीला विज्ञान शिकवते. मला कळेल असं सांगा.

आधार : चांदीच्या मोजक्या अणूंचे पुंजके. विद्युतभार दिलेले, तापलेले. निर्वात नळीत कोंडायचे. तिथं हवा नाही, भिंतीचा स्पर्श नाही, तरी आपोआप एखादा अणू गळतो. सरांचं म्हणणं, गळायचे ते क्षणात गळतात, मग संपलं. मला नंतरही दिसतात. कमी कमी होत जातात, पण थांबत नाहीत. आलेखावर तेच लांब शेपूट दिसतं.

सुनंदा : यंत्र बिघडलं असेल.

आधार : सरही तेच म्हणतात. मी रिकामं चालवून पाहिलं, काही दिसलं नाही. मला वाटतं, सगळ्यांत उष्णता सारखी नसते. फार तापलेले आधी फुटतात, बाकीचे रेंगाळतात.

सुनंदा : आणि जे फुटतच नाहीत?

आधार : ते हळूहळू उजेड टाकून निवतात. हे नीट मोजायला वर्ष जाईल, कदाचित दोन. शिष्यवृत्ती संपलीय. सरच बरोबर निघाले तर हातात काहीच नाही.

मावशी : (जिन्यातून) भाऊ, व्हयनं का बोलनं? खाले बठ्ठा वाट देखी राहिनात. पोरना लोटनमामा तारीख आजच पक्की करूत म्हनी राहिना.

आधार : आलोच, मावशी. हे बघा, नकार द्यायचा तर माझ्यावर ढकला. तुम्ही मला आवडलात, म्हणून तर जीव जास्तच खालीवर होतोय.

सुनंदा : शेपूट छाटलं तर?

आधार : दिवाळीपर्यंत डॉक्टर. पण झोप लागायची नाही.

सुनंदा : आत्ता कुठे लागतेय? डोळे बघा तुमचे.

आधार : खाली काय सांगू?

सुनंदा : तुम्ही गप्प राहा, घाबरून भलतंच बोलाल. माझ्या मामांना मीच सांगते. मुलगा डॉक्टर नाही, होईल की नाही तेही ठाऊक नाही.

आधार : चिडतील ते. तारखेचं धरून बसलेत.

सुनंदा : घाई त्यांना आहे. मला नाही.