काचंवरलं नाव

(परभणीतला दवाखाना. खाटेवर परमेश्वर, उशाला त्याची आई तानुबाई. विम्याचा एजंट नागनाथ उभाच.)

नागनाथ : कितींदा सांगू मावशी? कंपनी देत न्हाई म्हन्ते.

तानुबाई : का म्हून? दरसाली हप्ता भरला का न्हाई मी? एक साल तरी चुकलं का?

नागनाथ : भरला की. पन हरिओमच्या नावानं भरला.

तानुबाई : मंग! जीप माज्या थोरल्याचीच व्हती.

नागनाथ : थोरला जाऊन तीन वर्सं झाली, मावशी. मेलेल्या मानसाच्या नावावर कसा चालंल विमा? तवाच म्हनलो व्हतो, जीप परमेश्वरच्या नावावर करा.

तानुबाई : म्हनलास बाबा. मलाच जमलं न्हाई. रेशनकार्डावरनं त्याचं नाव काढलं, त्या दिशी घास उतरला न्हाई घशाखाली. म्हनलं, गाडीवर तरी ऱ्हाऊ द्या. दरसाली मोबाईलात यायचं, 'हरिओमजी, तुमचा विमा संपत आहे.' सून वाचून दाखवायची. वाटायचं, कुनीतरी माज्या लेकराला हाक मारायलंय.

परमेश्वर : जाऊ दे माय. बैल गेला अन् झोपा केला.

नागनाथ : चूक तुजी बी न्हाई परमेश्वरा.

परमेश्वर : उसाची ट्रॉली बंद पडलेली, गंगाखेड रोडला मधोमध. मागं ना लाइट, ना लाल पट्टी. चाकाला दगडं लावून गडी जेवायला गेलता. समोरच्या गाडीचा उजेड डोळ्यावर आला, अन् धाडकन गेलो की आत!

तानुबाई : मुडदा बशिवला त्याचा! त्याच्याकून घ्या की मंग!

नागनाथ : त्याच्या ट्रॅक्टरला विमाच न्हाई. भांडत बसा कोर्टात जलमभर.

तानुबाई : अन् पायाचं? चालवनाराचा बी विमा असतोय, तूच म्हनलास.

नागनाथ : ते मालकच चालवीत असला तर, मावशी.

परमेश्वर : ऐकलंस का माय? जीप मी चालवायची, घर मी चालवायचं, अन् मालक त्यो.

तानुबाई : असं नको बोलू रं.

परमेश्वर : मंग कसं बोलू? मी जिता हाय, हे कुटं लिवलंच न्हाई तुमी.

नागनाथ : येतो मी. काई लागलं तर फोन करा.

तानुबाई : ...पाय लय दुखायलाय का रं?

परमेश्वर : न्हाई. कायच समजंना पायात.

तानुबाई : समजंल. डाक्टर म्हनले की.

परमेश्वर : डाक्टर काय म्हनले, ते मी बी ऐकलंय.

तानुबाई : परमेश्वरा...

परमेश्वर : काय?

तानुबाई : म्होरल्या काचंवर त्याचं नाव व्हतं. ते तरी ऱ्हायलंय का रं?

परमेश्वर : काचच ऱ्हायली न्हाई, माय.