सोराच्या आईचा कान

...नाही, कानाच्या पाळीला टोचलं असतं तर मी एक शब्द बोललो नसतो, तुम्हाला सांगतो, पाळी बिचारी मऊ असते, थोडी कुरकुरते आणि गप्प बसते, पण हिने टोचला वरचा कान. तो कडक भाग. तोही साठाव्या वाढदिवसाला. हिने म्हणजे आमच्या लेकीच्या, सोराच्या आईने, आमच्या बायकोने. मी म्हटलं, अगं, मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत तुझ्या, निदान डॉक्टरला विचार. तर म्हणते, "अहो, कान माझा आहे." संपलं. कान तिचा, मी कोण बोलणार?

आता हे खूळ आलं कुठून? तिच्या त्या डोंगर चढणाऱ्या मैत्रिणींकडून. सगळ्या देगू शहरातल्या बायका, दर आठवड्याला डोंगरावर जातात, वर जाऊन किंबाप खातात आणि खाली येताना काहीतरी ठरवून येतात. या वेळी कान ठरवला. योंगनिम नावाची मैत्रीण आहे, ती पुढारी. मेट्रोखालच्या बाजारात एका दुकानात घेऊन गेली, तिथे कानातलं घेतलं की भोक फुकट. फुकट म्हटल्यावर आमची ही आणखी दोन पाडून घेईल अशी मला धास्ती, म्हणून मीही मागोमाग गेलो. दुकानातली मुलगी चांगली होती हो, तिने विचारलं, "काकू, काही आजार? काही औषधं? घड्याळाच्या पट्ट्याने अंगावर पुरळ येतं का?" आणि ही छाती काढून सांगते, "मला कसला आजार, मी डोंगर चढते." मागे विशीतल्या पोरी रांगेत उभ्या ना, त्यांच्यासमोर साखर कशी सांगायची? मी तोंड उघडलं, तर हिने असं बघितलं की मी कानातली बघायला लागलो. मग ती बंदुकीसारखी वस्तू आली आणि खट्... कान तिचा, पण दचकलो मी.

बरं, टोचला तर टोचला, तो जपायचा की नाही? दुसऱ्या दिवशी या सगळ्या सार्वजनिक न्हाणीघरात. गरम पाण्याच्या हौदात मानेपर्यंत बसून गप्पा. त्या पाण्यात अख्खी देगू बसून गेलेली असते आणि ही ताजं भोक घेऊन बसली. त्याच कुशीवर झोपायचं, तिखट किमची कालवायची आणि मधूनच त्याच हाताने कानातलं फिरवून बघायचं, "अडकलंय का हो?" मग कान लाल झाला, गरम झाला, दोन कान एका जागी बसतील इतका फुगला. मी म्हटलं, दवाखान्यात चल. तेवढ्यात योंगनिमचा फोन, "काही नाही गं, दोएन्जांग लाव." दोएन्जांग! आंबवलेलं सोयाबीन, ज्याचं आपण सार करतो, ते हिने कानाला लावलं. रात्रभर उशाशी सार शिजतंय असा वास. पण कान तिचा, मी कोण बोलणार?

सकाळी उठली तर ताप, अंग थरथरतंय. मग मी विचारलंच नाही, टॅक्सी बोलावली.

डॉक्टर मुलगीच होती, आमच्या सोरापेक्षा लहान असेल. तिने वास घेतला आणि नुसती पुसत राहिली. मग म्हणाली, "काकू, या भागात रक्त फार थोडं पोचतं, म्हणून औषधही उशिरा पोचतं. त्यात साखर वाढलेली. आत पू झालाय, आज कापून काढावा लागेल. नाहीतर आतली कूर्चा विरघळेल आणि कान सारण काढलेल्या मांदूच्या पारीसारखा होईल." मला वाटलं, आमची ही आता योंगनिमला शिव्या घालेल. तर हिने माझा हात धरला आणि हळूच म्हणाली, "अहो, सगळं आयुष्य शाळेच्या स्वयंपाकघरात होते. डोक्यावर ती पांढरी टोपी, कानाच्या खालपर्यंत ओढलेली. कानात काही घालायचं नाही, नियम होता. मला कान आहेत हे कुणी बघितलंच नव्हतं हो."

इतकी वर्षं हिच्यासमोर बसून जेवतोय, मीसुद्धा कुठे बघितले होते?

कापला, पू काढला, दवाखान्यात ठेवून घेतलं, शिरेतून औषध दिलं. मी रोज जाऊन तो पट्टीतला कान बघायचो आणि ती विचारायची, "आहे ना?" मी म्हणायचो, "आहे." कान वाचला. वरच्या कडेला एक खळगा राहिलाय, बोटाने दाबल्यासारखा. डॉक्टरने बजावलंय, पुन्हा टोचायची हौस आली तर आधी साखर दाखवायची, खरं सांगायचं, आणि बंदूक तर अजिबात नाही.

मला वाटलं, सुटलो. तर परवा ही चापाची कानातली घेऊन आली, भोक लागत नाही अशी. दुखरा कान अजून हात लावू देत नाही, म्हणून एक तिच्या बऱ्या कानाला. आणि दुसरं? "वाया कशाला घालवायचं," म्हणून माझ्या कानाला. मोत्याचं आहे. काल तसाच डोंगर चढलो, योंगनिम आणि सगळ्या बायकांच्या देखत. चाप इतका आवळतो, तुम्हाला सांगतो, की डोळ्यांत पाणी येतं. म्हटलं, काढू का आता? तर म्हणते, "थांबा, सोराला फोटो पाठवायचाय. जरा हसा."

हसलो.