अकरा नंबरची आई

—अहो बसा, बसा सर, ही खुर्ची कोणाची नाही, मीच पिशवी ठेवून अडवलेली. तुमच्यासाठीच, आता खोटं कशाला बोलू! उभ्याने किती वेळ बघणार? आणि पलीकडे मांडवात बसलात ना, तर ऊन सरळ डोळ्यांत येतं, तिथून काही म्हणजे काही दिसत नाही. चहा घ्या. आलं ठेचून घातलंय, साखर चालते ना? — घ्या हो, लाच नाहीये ती, चहा आहे. हो, माहीत आहे मला तुम्ही कोण ते. सगळ्या मैदानाला माहीत आहे. युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल टीमची निवड करणारे सर आज मुलुंडला येणार, फायनल बघून नावं ठरवणार — पोरींच्या ग्रुपवर दुसरा विषय नाही. मी अकरा नंबरची आई. श्वेताची. ती बघा, डावीकडून धावते ती — म्हणजे आत्ता चालतेय, बॉल तिकडे आहे ना, मग उगाच कशाला धावेल? दम राखून खेळते. तुम्ही तिकडे बघा ना, त्या अंधेरीच्या कॉलेजची गोलकीपर, काय उंच आहे नाही! आईबाप काय घालतात कोण जाणे.

मला खेळातलं काही कळत नाही हां, आधीच सांगते. माझं आपलं नाहूरच्या घरून मैदान आणि मैदानावरून घर. पण येते प्रत्येक मॅचला, अगदी पहिल्या मॅचपासून. ती पहिली मॅच — ऐकायचीय? ऐका, मजा आहे. श्वेता फर्स्ट इयरला होती. म्हणाली, आई तू येऊ नकोस, कोणाच्याच आया येत नाहीत. म्हटलं बरं. आणि ती गेल्यावर सासूबाईंना घेतलं, रिक्षा केली आणि गेले वाकोल्याला, तिथल्या एका शाळेच्या मैदानावर होती मॅच. सासूबाई नऊवारीत, मी आपली इस्त्रीची साडी, गजरा — हसू नका, मला वाटलं कॉलेजचा कार्यक्रम म्हणजे नीट जायला नको? तिथे बघते तर सगळी पोरं हाफ पँटीत आणि मी गजरा माळून. श्वेताने आम्हाला बघितलं आणि अशी मान फिरवली की ओळखच नाही! आता आम्ही दोघी परळच्या. परळला आमच्या चाळीत खेळ म्हणजे कबड्डी, दुसरं काही नाही. समोरची पोर बॉल घेऊन आमच्या बाजूला घुसली, तशी मी उठले आणि ओरडले — धर! धर तिला! पाय धर! — आणि सासूबाई माझ्या वरताण, ‘गो मेल्यांनो, बघतास काय, आडवी घाला तिका!’ — शिट्टी वाजली. रेफरी धावत आमच्याकडे. म्हणे, काकू, कोणाचा पाय धरायला सांगताय? फाऊल होईल! मी म्हटलं, घुसलीय ना ती आमच्या अंगणात, मग धरायचं नाही तर काय ओवाळायचं?

हसताय ना? सगळे असेच हसले. तेव्हापासून आमच्या कॉलेजच्या पोरींची ती आरोळीच झाली — धर काकू, धर! कुठेही मॅच असू दे, मी दिसले की सुरू. आज? आज नाही ओरडत मी. घसा बसलाय जरा. — पण एक सांगू, त्या दिवशी हसण्यावारी गेलं सगळं, आणि मग बॉल आला श्वेताकडे. आणि ती धावली. सर, घरात ही मुलगी चपला फरफटत चालते. पाण्याचा ग्लास उचलायला दहा वेळा सांगावं लागतं. आणि तिथे अशी धावली — मी म्हटलं, ही माझी? ही माझ्या पोटची? मला रडूच आलं, भर मैदानात, गजरा माळलेली बाई, घळाघळा रडतेय. इतका आनंद मला तिच्या दहावीच्या निकालाला झाला नव्हता, खरं सांगते. तिच्या बाबांना जाऊन सांगितलं तर निलेश म्हणाले, बॉलच्या मागे धावून काय मिळणार आहे? म्हटलं, तुम्ही एकदा या आणि बघा. अजून आलेले नाहीत. त्यांचं जाऊ दे. पण मी एकदा बघितलं ना, मग नाही राहवलं मला घरी.

आई गं!

नाही नाही, काही नाही. पडली. पडतातच हो, चिखल आहे तिथे, पालिकेचा नळ गळतो कोपऱ्यात. उठली बघा. उठली ना? — लंगडत नाहीये, सर. चालच तशी आहे तिची, लहानपणापासून. जरा बाहेर पाऊल टाकते. तुम्ही खारी घ्या ना चहाबरोबर. आणि हे बघा, त्या नऊ नंबरला बघा, आमच्या कोच शिवदास सरांनी तिला पुढे आणलंय, काय तरबेज पोर — हो, बघताय तुम्ही. तिच्याकडेच बघताय. श्वेताकडे. साहजिक आहे, ती आहेच तशी. तिसरं वर्ष आहे सर तिचं. शेवटचं. यंदा नाव आलं तर आलं, नाहीतर संपलं, पुढच्या वर्षी कॉलेजच नाही तर युनिव्हर्सिटी कुठली? तीन वर्षं त्या एका जर्सीसाठी पहाटे उठतेय. मला म्हणाली — आई, तू फक्त त्या सरांना बोलत ठेव. तुला काय जड आहे, तू भिंतीशीसुद्धा बोलतेस.

...बोलून गेले वाटतं मी.

म्हणजे तसं नाही हो! बोलत ठेव म्हणजे — चहापाणी बघ, एकटे बसतील बिचारे, असं. माणुसकी असते ना. गोल कोणाचा? त्यांचा? एक-एक झालं म्हणजे. झालं, आता शेवटची थोडी मिनिटं उरलीत. बघा, खुर्चीच्या टोकावर आले मी. नाही, गोलामुळे नाही. ती उजव्या पायावर जोर देत नाहीये, बघितलंत? तुम्ही बघितलंत, तुमच्या कपाळावर आठी आली. अहो, त्या मोज्याखाली जाड पट्टी आहे, मीच बांधली सकाळी, तिच्या बाबांच्या नकळत, म्हणून पाय जरा आखडलाय, एवढंच. पट्टी कशाला? थंडीची. थंडीने गुडघा धरतो ना. वीस वर्षांच्या पोरीचा कसा धरेल म्हणता? — तुम्ही म्हणाला नाहीत काही. मीच म्हणतेय.

फार फिरली गं ही. एवढं फिरायचं नाही त्या पायावर! बघा, सर, आतून सटकला ना गुडघा, की दुखणं लगेच येत नाही. आधी नुसता एक आवाज येतो, सुपारी फुटल्यासारखा, आपल्यालाच ऐकू येतो. मग वाटतं काही झालं नाही, आपण खेळत राहतो, अंग गरम असतं. आणि रात्री मग पाय असा सुजतो की — मला कसं माहीत? मघाशी म्हटलं मी, मला खेळातलं काही कळत नाही. खोटं बोलले. मी कबड्डीत उजवा कोपरा खेळायचे. आमच्या मंडळाकडून, परळला. चढाईला आलेली पोर मध्यरेषेपर्यंत परत गेलेली कोणी बघितली नाही, असा धाक होता. सुलक्षणाने घोटा धरला की सुटका नाही, म्हणायचे. त्या गुडघ्याने मी सेमीफायनल खेळले आणि मग फायनल पण खेळले, फडका आवळून. आईला सांगितलं नाही, मास्तरांना सांगितलं नाही, कोणालाच नाही. जिंकलो आम्ही. आणि मग जिल्ह्याच्या टीममध्ये नाव आलं माझं, पेढे वाटले चाळीत, आणि सरावाला गेले तर मला उभंच राहता येईना. आज बघा. पन्नाशी गाठलेली नाही अजून आणि गणपतीत सगळ्या बायका खाली मांडी घालून आरतीला बसतात, आणि मी कोपऱ्यात खुर्चीवर, पाव्हणी असल्यासारखी. श्वेताला कडेवर घेऊन जिना चढले नाही मी कधी. ती विचारायची, आई, मला का नाही घेत? काय सांगणार होते तिला मी?

डॉक्टरांकडे गेलो होतो आम्ही दोघीच. गेल्या महिन्यात प्रॅक्टिसला वळताना झालं. लिगामेंट अर्धवट तुटलंय, म्हणाले. सहा महिने मैदान बंद. मुकाट्याने घरी बसली तर धावेल परत. खेळली आणि उरलेलं तुटलं, तर विसरा. शिवदास सरांना माहीत नाही, एकाही पोरीला माहीत नाही. आणि घरी येऊन ही माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली — आई, एवढी एकच मॅच, मग तू म्हणशील तितके महिने बसते, तुझी शपथ. मी काय करणार? तिला नाही म्हणायला तोंड उघडलं आणि मला माझीच आई दिसली, बिचारी, तिला तर विचारलंच नव्हतं मी. म्हटलं हिने निदान विचारलं तरी. बांधली पट्टी. म्हटलं, जा खेळ. पण सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नाही, सर. आणि इथे बसून मी तुम्हाला गजऱ्याच्या गोष्टी सांगतेय, की तुमचं लक्ष तिच्या पायाकडे जाऊ नये. असली आई कुठे बघितलीत?

अरे — तिच्याकडे आला. बॉल तिच्याकडे आला. नको. नको धावूस, दे, दे ना दुसरीला, ती नऊ नंबर मोकळी आहे, अगं दे तिला — ऐकते कुठे. बघा कशी निघाली. देवा महाराजा. एक गेली, दुसरी पण गेली मागे. आता मारणार. डाव्याने मारते ती, म्हणजे सगळा भार उजव्यावर, त्याच पायावर, आई गं, नको—

गोल.

झाला ना? मी डोळे मिटले होते. झाला. पडलीय ती. हसतेय? हसतेय, हो. पोरी अंगावर पडल्यात तिच्या, अगं बाजूला व्हा, पाय आहे तिचा! — तुम्ही उभे राहिलात, सर. टाळ्या वाजवल्यात. आत्तापर्यंत कोणासाठी उठला नव्हतात. अख्खं मैदान उभं आहे आणि मी एकटी बसलेय, मला उठवतच नाहीये. ठरलं ना तुमचं? चेहऱ्यावर दिसतंय. तीन वर्षांत मी हाच चेहरा बघायला आले प्रत्येक मॅचला, तुमच्यासारख्या कोणाचा तरी.

बसा जरा. बसा, शिट्टी झाली तरी बसा. मला एकदाच बोलू द्या, परत धीर होणार नाही. घेऊ नका तिला.

ऐकलंत तुम्ही बरोबर. घेऊ नका. तुम्ही तिचं नाव वाचलंत की उद्यापासून शिबिर, सकाळ-संध्याकाळ सराव, मग बाहेरगावच्या मॅची. ती म्हणते एकच मॅच. खरंच वाटतंय तिला तसं, खोटं नाही बोलत ती. पण निवड झाल्यावर थांबेल होय? मी थांबले होते का? जिंकलेला माणूस कोणाचं ऐकत नाही, सर, त्याला पायच दुखत नाही. आणि मी नाही अडवू शकणार तिला, ती माझ्याकडे बघून एकदा हसली की मी परत पट्टी घेऊन बसेन, मला ओळखते मी. तुम्ही अडवू शकता. तुमच्या हातात आहे. तिने परत धावावं, कुठेही, साध्या गल्लीत का होईना, धावावं, एवढंच पाहिजे मला. जर्सी नको. माहीत आहे मला मी काय मागतेय. तीन वर्षं पहाटे मीच उठवलंय तिला, मला नको सांगायला कोणी.

आणि हे तिला सांगायचं नाही. मी बोलले म्हणून कळता कामा नये, ती आयुष्यात बोलायची नाही माझ्याशी. तुमचं काहीतरी सांगा, यंदा फार पोरी होत्या म्हणा, डावीकडे दुसरी मिळाली म्हणा. तुमच्यावर चिडेल, चिडू दे, तुमचं काय जातं? शिवदास सरांना मी सांगते सगळं, उद्या, मी स्वतः. — असं बघू नका माझ्याकडे. मान हलवा नुसती. हलवलीत ना? हलवलीत. बस.

आली. इकडेच येतेय. बघा, मैत्रिणीच्या खांद्यावर हात टाकलाय, मस्तीत टाकल्यासारखा. उठा सर. उठा ना, जा तुम्ही तिकडे, बाकीच्या पोरींना भेटा. मागे वळून बघू नका, तुमच्या तोंडावर सगळं दिसतंय. जा म्हणते ना! —

अगं हो हो, बघितलं! बघितलं गं बाई सगळं! डोळे मिटते होय मी? ये. आधी बस इथे. बस म्हणते ना, पाय लांब कर. अगं रडतेस काय वेडे, जिंकलात ना! — हो, उभे राहिले ते. टाळ्या वाजवल्या, हो, तुझ्यासाठीच, मी बघितलं. — काय म्हणाले? मला काय म्हणणार, ते कमी बोलतात. — मी? मी कशाला काय बोलतेय त्यांच्याशी. तुझंच कौतुक केलं.