मोडक्या पिस्तुलाचा परवाना

त्या फौजदाराचं नाव काढू नगा रं, डोस्कं फिरतं माझं. इटलीच्या लढाईत एका जर्मनाकडनं घेतलेलं पिस्तूल मी कडेगावला घरी आणलं. एक गोळी उडली की दुसरी आपसूक नळीत चढायची, अशी त्याची बनावट. पण आतली पिन मोडलेली. दसऱ्याला पाटावर पूजेला मांडलं, तर फौजदार दारात.

"परवाना?"

"सायेब, मोडकं हाय. उडत न्हाई."

"मोडकं असलं तरी हत्यारच. जप्त."

फुडच्या दसऱ्याला चौकीत सोनं द्यायला गेलो. तिथं पाटावर माझंच पिस्तूल, वर झेंडूची माळ.

म्हणलं, "सायेब, ह्याचा परवाना कुणाच्या नावावर हाय?"

माझ्या हातावर पेढा ठेवत, त्याच तोंडानं म्हणतो कसा, "अहो, मोडकं आहे ते. त्याला कसला परवाना?"