उतरलेला चेहरा

मामी : ...तेच तर म्हणतेय मी. तुझं अभिनंदन करायचं की तुला रागवायचं, हे माझं अजून ठरत नाहीये. तू बस आधी. धाप लागलीय तुला.

भाची : तीन मजले, मामी.

मामी : मला नको सांगूस तीन मजले. या गुडघ्यांना विचार. तुझ्या कंपनीचे शेअर वधारले की तळमजल्यावरची ती जागा घ्यायची, असं ठरलं होतं. काल ती दुसऱ्यांनी घेतली.

भाची : मामा म्हणाला फोनवर. म्हणूनच आले. मामा, खरंच सगळे शेअर विकलेस?

मामा : सगळे. भाव घसरतच होता गं. आरोग्य खात्यानं ऑर्डर पुढे ढकलली, पेपरात आलं की ही कंपनी आता गाशा गुंडाळणार. दलाल म्हणाला, काका, मिळतंय ते पदरात पाडून घ्या. तरी मी थांबलो होतो.

मामी : थांबले कसले, हटून बसले होते. माझी भाची त्या पेट्या बनवते, मला बाजार काय शिकवतोय, हे रोज ऐकवायचे मला. अगदी चहा गाळतानाही.

मामा : खोटं नाही ते. इतकी वर्षं मी लसीची गाडी चालवली. वाटेत बर्फ वितळला आणि लस वाया गेली, की नर्सबाई परतीच्या वाटेवर एक शब्द बोलायच्या नाहीत. विजेशिवाय लस गार ठेवणारी पेटी तू बनवतेयस म्हटल्यावर मी काही भाव बघून शेअर घेतले नव्हते.

भाची : मग विकलेस का?

मामा : जाऊ दे आता.

मामी : जाऊ दे काय? कळू दे तिला. गेल्या महिन्यात तू जेवायला आली होतीस ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी विकले यांनी.

भाची : माझ्यामुळे?

मामा : तू ताटातलं नुसतं चिवडत होतीस. काम कसं चाललंय विचारलं, तर म्हणालीस, चाललंय, आणि विषय बदललास. भाव पडल्याचं मी काढलं, तर मान खाली घातलीस ती वर केलीच नाहीस. मला वाटलं, पेटी फसली. पोर तोंडानं सांगत नाही, पण चेहरा उतरलाय. म्हणजे बाजार म्हणतो तेच खरं.

भाची : उलटं होतं, मामा.

मामी : उलटं म्हणजे?

भाची : त्याच दिवशी दुपारी पेटी पास झाली होती. दमट उन्हात दाराचं रबर फुगायचं आणि फटीतून गारवा निसटायचा. वर्षभर आमचं घोडं तिथेच अडलं होतं. नवं रबर टिकलं. तपासणाऱ्या बाईंनी झाकण उघडून आत हात घातला आणि हसल्या. बाहेर भाव कोसळत होता आणि आत आम्ही एकमेकांना मिठ्या मारत होतो.

मामी : आणि हे सगळं तुला ठाऊक होतं. इथं, या टेबलाशी बसली होतीस तेव्हा.

भाची : हो. जाहीर होईपर्यंत घरच्यांनाही सांगायचं नाही, असं लिहून दिलंय आम्ही. मी सांगितलं असतं आणि त्यावर मामानं शेअर ठेवले असते किंवा घेतले असते, तर दोघांनाही त्रास झाला असता. माझी नोकरी तर गेलीच असती.

मामी : ते समजतं मला. सांगितलं नाहीस, ते बरोबरच केलंस. पण मग त्या दिवशी आलीस कशाला?

भाची : मामी...

मामी : रागानं नाही विचारत. खरंच विचारतेय. कशाला आलीस?

भाची : घरी बसवेना. इतका आनंद झाला होता की कुणाच्या तरी जवळ बसावंसं वाटत होतं. आई असती तर तिच्याकडे गेले असते. म्हटलं, बोलायचं काहीच नाही, नुसतं जेवून यायचं. मामानं भावाचं काढलं आणि वाटलं, आता वर बघितलं तर हसू फुटेल. म्हणून खाली बघत राहिले.

मामा : हसू दाबत होतीस होय?

भाची : हो.

मामा : आणि मी इंजिनाच्या आवाजावरून बिघाड ओळखणारा माणूस.

भाची : चुकलं माझं. मी आलेच नसते, तर तू थांबला असतास.

मामा : थांबलो असतो. तुझ्याशी खोटं कशाला बोलू? पण शेअर गेले त्याचं वाईट वाटतं, ते हिच्या गुडघ्यांपायी. लाज वाटते ती वेगळीच. तुझ्या हातून ती पेटी होणार नाही, हे मी एका जेवणात मानून टाकलं. तुला एकदा सरळ विचारलंही नाही की, बाळ, दमलीयस का?

मामी : पेटी पास झाल्याचं जाहीर झालं, आणि आता तर म्हणे दुप्पट झालाय भाव.

भाची : पेटी तेव्हा होती तशीच आजही आहे, मामी. शेडमध्ये मोजक्याच उभ्या आहेत, एकीनंही अजून गाव बघितलेलं नाही. तेव्हा लोकांना वाटलं आम्ही संपलो, आता वाटतंय आम्ही जग जिंकलं. आम्ही आपले रोज तेच स्क्रू पिळतोय.

मामी : मग आता परत घ्यावेत की नाही?

भाची : ते मला नाही सांगता येणार. आजही नाही.

मामा : नको विचारूस गं तिला.

मामी : बरं बाई, नाही विचारत. पण पुन्हा असं काही चांगलं झालं, की मग कुठं जाशील तू?

भाची : इथं नाही येणार, मामी. मला धीरच व्हायचा नाही.

मामा : येत जा तू. मी तुझ्या चेहऱ्याकडे बघणार नाही.